रडकी शिंकी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्हाला कधी झाकणावर फूल असलेली प्लॅस्टिकची डबी वाण म्हणून मिळाली असेल, तर ती बहुतेक माझी. म्हणजे मी दिलेली नव्हे, मी डिझाइन केलेली. वसईजवळ सातिवलीला प्लॅस्टिकच्या वस्तू काढणाऱ्या एका गाळ्यात मी ऐन उमेदीची वर्षं डब्या, मग, साबणदाण्या आणि चहाच्या गाळण्या आखण्यात घालवली. झाकणावरचं फूल कुठलं, असं लोक मला कौतुकाने विचारायचे. कुठलंच नाही हो! पाच पाकळ्या साच्यातून सुखाने सुटतात, सहावी अडकते, म्हणून पाच. मग एक दिवस मालकाने सगळी मशिनं ट्रकवर चढवली आणि गुजरातला नेली. मला शाल आणि नारळ मिळाला, आणि मी घरी बसले.

घर वसई गावाच्या अंगाला, होळी नावाच्या वस्तीत. सासऱ्यांच्या पश्चात राहिलेली केळीची वाडी, कडेने थोडा माठ, पालक, मुळा. मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा केळ हे फळ असतं आणि ते उपासाला चालतं, एवढंच मला केळीबद्दल ठाऊक होतं. घरात आम्ही तिघं. नवरा सकाळी बँकेत जातो आणि संध्याकाळी परत येऊन म्हणी ऐकवतो. मी बोलते. आणि तिसरी माझी नणंद, ती बोलत नाही.

नणंद नवऱ्याहून मोठी, म्हणून मी त्यांना ताई म्हणते; भांडण चालू असेल तेव्हा वन्सं. ताईंचा नवरा सुरतेला कामाला म्हणून गेला तो तिथलाच झाला, तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. ताई माहेरी परत आल्या त्याला आता युग लोटलं. तेव्हापासून त्यांनी लग्नाला, बारशाला, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. पण चार बायका जमल्या की कुणीतरी "काय मग, यजमान कुठे असतात सध्या?" असं विचारणारच, आणि ते ताईंना नको होतं. त्या वाडीतच असायच्या. भाजीच्या जुड्या बांधायच्या, केळीच्या सोपटाने. सोपट म्हणजे केळीच्या खांबाचे एकावर एक चढलेले पदर. ते सुकवून उभे चिरले की चिवट पट्ट्या निघतात, आणि वसईतला माठ-मुळा पूर्वापार त्यांनीच बांधला जातो.

थोरल्या वन्सं, म्हणजे या भावंडांतल्या सगळ्यात मोठ्या, डहाणूला असतात. त्यांची चिकूची वाडी आहे आणि आता तिथे मुंबईचे लोक राहायला-जेवायला येतात. थोरल्यांचे गुडघे गेलेत आणि पाहुणे वाढलेत. त्यामुळे त्यांचा फोन आला की एकच पालुपद: "तिला इकडे पाठवून द्या कायमची. तिचं तिथे काय अडलंय? एवढी माणसं जेवायला असतात, स्वयंपाकाला घरचा हात हवा." ताई फोनवर हूं हूं करायच्या. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. मला संताप यायचा! थोरल्यांचा यायचाच, पण ताईंचाही यायचा. अहो, एकदा काय ते तोंडाने बोला की! खरं सांगायचं तर ताई गेल्या असत्या तर मी कुणाशी बोलले असते? नवऱ्याशी भांडण होत नाही, तो म्हण सांगून मोकळा होतो.

तर अशी मी ओसरीवर रिकामी बसून समोर बघत होते. समोर बांधावर केळीचे खांब पडलेले. केळीला एकदाच घड येतो. घड उतरवला की तिचं काम संपतं, खांब तोडायचा आणि टाकायचा. तो पाण्याने भरलेला असतो, कुजत पडतो, त्यात डास होतात. पलीकडच्या भातशेतीच्या गावांत भाताचा पेंढा असाच पडून. गाई-म्हशी राहिल्यात कुणाकडे? बरेच जण काडी लावून देतात. इतकी वर्षं मी प्लॅस्टिकचा दाणा विकत आणून, वितळवून, ओतून वस्तू काढत होते आणि इथे माल दारात सडत होता. मी उठले आणि जाहीर केलं की मी यातून घरात वापरायच्या वस्तू करणार.

"प्लॅस्टिकने सोडलं, आता केळीला धरलं," नवरा म्हणाला.

माझी पहिली वस्तू साबणदाणी. हात तोच करायला गेला, काय करणार. सोपटाची विणलेली, गोल, देखणी साबणदाणी. आठवड्याभरात तिच्यात साबणाशेजारी अळंबी उगवली. नवऱ्याने ती बघायला शेजाऱ्यांना बोलावलं. ताई पदर तोंडाला लावून आत गेल्या, ते मी पाहिलं.

मग मला शिंकं सुचलं. लग्नानंतर सुरुवातीला आम्ही वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये काही वर्षं राहिलो होतो. तिथे कुणाच्याही स्वयंपाकघरात जा, कांदे-बटाटे कुठल्यातरी जाळीच्या पिशवीत दारामागे कोंडलेले, खालचे दोन सडलेले. त्यांना वारा लागेल असं काहीतरी टांगतं हवं. तीन ताटल्या एकाखाली एक, दोऱ्यांनी बांधलेल्या. वर लसूण, मध्ये कांदे, खाली बटाटे. फार नवं नव्हेच, आजीच्या काळचं शिंकंच, फक्त तीन मजली.

"फ्लॅटात शिंकं?" ताई म्हणाल्या. "आणि बोका कुठून आणतील?"

त्यांच्याकडून एवढा विनोद म्हणजे मोठीच मंजुरी होती. आम्ही कामाला लागलो. पेंढ्याची वळी करायची, बोटाएवढी जाड, तिच्यावर सोपटाची पट्टी घट्ट गुंडाळत जायचं आणि ती वळी गोल गोल फिरवत ताटली वाढवायची. मी कंपासने वर्तुळ काढून द्यायची. ताईंची ताटली वर्तुळाच्या बाहेर जायची.

"वन्सं, हे लांबोळं झालं."

"सोपट तसंच वळतं."

"अहो पण मी गोल काढलंय!"

"मग तुझा कंपास सोपटाला दाखव, ऐकलं तर बघ."

भांडता भांडता आमचं एकमत झालं ते असं, की ताटली थोडी लांबोळीच असू दे, भिंतीला लागून बसते. ते मी आधी आखलं असतं तर मला बक्षीस मिळालं असतं. ताईंची पट्टी आणि माझी दोरी, असं वाटून घेतलं. तिन्ही ताटल्या एका पातळीत टांगायची युक्ती माझी आहे, हे इथे नमूद करते, कारण घरात कुणी करत नाही.

पण बुरशी! दिवाळीच्या आसपास केलेल्या पहिल्या शिंक्यांवर काळे ठिपके आले. समुद्राची हवा, वाडीची ओल, आणि सोपटात चीक. मी डोकं धरून बसले. तेव्हा ताई म्हणाल्या, "मिठात घालू या."

मी बघतच राहिले. "चिंच टिकते ती मिठाने," ताई म्हणाल्या. "कैरी मिठाने. मासा मिठाने. मग सोपट का नाही टिकायचं?"

मला इतकं पटलं की आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून मी चिडले. वसईच्या बाईला मिठावर जेवढा भरवसा असतो तेवढा देवावरही नसावा. मिठागरावरचं खडेमीठ पोत्याने आणलं. पिंपात खारं पाणी केलं, सोपटं भिजवली, पेंढा भिजवला, कडक उन्हात सुकवला. आणि काय सांगू, काय माल निघाला! ताठ, कडक, वर बारीक चमक. बुरशीचं नाव नाही. थंडीचे दिवस होते, हवा कोरडी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

त्याच सुमाराला एव्हरशाईनमधल्या माझ्या जुन्या शेजारणीचा फोन आला. ती म्हणाली, यंदा त्यांच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मिळून ठरवलंय, संक्रांतीला प्लॅस्टिकचं वाण द्यायचं नाही. काही वेगळं आहे का? मी फोन कानाला लावून पाच पाकळ्यांच्या माझ्या सगळ्या डब्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि म्हटलं, आहे.

ते दिवस फार सुखाचे गेले. अंगणात सोपटांचे ढीग, दोघी समोरासमोर, मध्ये चहा. ताई काम करताना गुणगुणायला लागल्या. मी काही बोलले नाही, बोलले असते तर थांबल्या असत्या. नवऱ्यालाही दोऱ्या कापायला बसवलं आणि तोही मुकाट्याने कापायचा. रथसप्तमीच्या आत सगळी शिंकी पोचवायची होती. टेम्पोतून घेऊन गेलो. बिल्डिंगच्या खाली गेल्यावर ताई म्हणाल्या, "तू जा वर, मी इथे बसते." वर साड्या, अत्तरदाणी, तिळगुळाच्या वड्या, नुसती धमाल चालली होती. बायका शिंकी हातात धरून फोटो काढत होत्या. मी खाली येऊन ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." पण घरी येईपर्यंत मला तेच तेच पुन्हा सांगायला लावलं.

पुढच्या आठवड्यात थोरल्यांचा फोन आला तेव्हा ताई हूं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता काम आहे. हा पावसाळा जाऊ दे, मग बघू." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला कळलं. हे काम उभं राहिलं तर त्या राहणार. नाही राहिलं तर डहाणूच्या स्वयंपाकघरात आयुष्य जाणार, आणि ते कुणी त्यांच्यावर लादलं असंही म्हणता येणार नाही, कारण त्या नाही म्हणणारच नाहीत.

जून उजाडला. पाऊस लागून आठवडा झाला असेल, जुन्या शेजारणीचा फोन आला.

"अगं, तुझं शिंकं रडतंय."

"काय करतंय?"

"रडतंय! पाणी गळतंय त्यातून. वर छत कोरडं आहे, नळ बंद आहे, आणि शिंक्यातून टपटप. माझ्या ओट्यावर थारोळं झालंय. चाखून पाहिलं, खारट लागतंय गं!"

दुपारपर्यंत चार फोन आले, संध्याकाळपर्यंत मी मोजायचं सोडलं. कुणाच्या कांद्याला हातभर मोड आले होते. कुणाचा लसूण भिजून लगदा झाला होता. एकीच्या गॅसच्या शेगडीवर गंज चढला होता. एकीची कामवाली म्हणाली होती की हे बाधेचं लक्षण आहे आणि ती स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हती.

मी ताईंना सांगायला आत गेले. त्या आमटीत मीठ घालत होत्या. बरणीत चमचा घातला, आणि पाण्यात बुडल्यासारखा तो आत गेला. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. दर पावसाळ्यात सुटतं. आमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात, अख्ख्या वसईत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालून ठेवतात ते कशासाठी? जन्मभर पावसाळ्यात पाझरती बरणी बघितलेल्या दोन बायकांनी शिंकी मिठात बुडवून काढली, कडक उन्हात वाळवली आणि जग जिंकल्यासारख्या हसल्या! आम्ही दोघी त्या बरणीकडे बघत उभ्या राहिलो. मला आधी हसू फुटलं. इतकं हसले की ओटा धरून खाली बसले.

ताई हसल्या नाहीत. हात धुतले, ओसरीवर गेल्या आणि डहाणूला फोन लावला. "रविवारी ये," त्या थोरल्यांना म्हणाल्या. "मला घेऊन जा." मग कपाटावरची बॅग खाली काढली.

मी तोंडाची फाटकी आहे हे अख्ख्या होळीला माहीत आहे. पण "जाऊ नका" हे काही माझ्या तोंडून निघेना. त्यांनी राहावं असं मला वाटतं हे सांगायला मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी ओरडते. म्हणून ओरडले. "जा ना, खुशाल जा! पण आधी तुमच्या मिठाचं निस्तरा! मी एकटी त्या बायकांच्या शिव्या खाणार नाही. उद्या यायचं माझ्याबरोबर. सगळी शिंकी परत आणायची."

"शिंकं तुटलं आणि..." नवऱ्याने सुरुवात केली.

"बोक्याने गप्प बसावं," मी म्हटलं. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एव्हरशाईनला गेलो. या वेळी मी ताईंना खाली बसू दिलं नाही. पहिलंच दार कोल्हापूरच्या एका बाईंचं. अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, त्या दिवशी घरून काम करत होत्या, कानात हेडफोन. आम्हाला बघून त्यांनी तो काढला आणि जी सुरुवात केली! कांद्यांपासून सुरू होऊन फर्निचरच्या पॉलिशपर्यंत पोचल्या. मी दम धरून ऐकलं. मग म्हटलं, "चुकलं आमचं. शिंकं द्या, आम्ही परत न्यायला आलोय."

बाई थबकल्या. "परत? वाण परत देतात होय?"

"अहो, पण ते गळतंय ना?"

"गळू दे की! संक्रांतीचं वाण आहे ते. सवाष्णीने दिलेलं वाण दारातून परत पाठवू? माझ्या सासूबाईंना कळलं तर?"

"मग ठेवा."

"कसं ठेवू? गळतंय ना!"

झाली पंचाईत. त्यांना ते नको होतं आणि द्यायचंही नव्हतं. मी बाह्या सरसावून वाद घालायच्या तयारीत होते. आणि तेवढ्यात माझ्या मागून ताईंचा आवाज आला.

"मोरी कुठे आहे?"

बाईंनी न कळून बाथरूमकडे बोट दाखवलं. ताई सरळ आत गेल्या. स्वयंपाकघरातलं शिंकं काढलं, कांदे टोपलीत ओतले, बाथरूममध्ये बसकण मारली, बादलीत गोडं पाणी सोडलं आणि शिंकं धुवायला लागल्या. दाबायच्या, पिळायच्या, पाणी ओतून द्यायच्या, पुन्हा नवं पाणी. मधूनच बोट चाटून खारट आहे का बघायच्या. कोल्हापूरच्या बाई दारात उभ्या.

"मीठ माझंच," ताई पिळता पिळता म्हणाल्या. "मीच घालायला लावलं. मीठ निघालं की नाही गळणार. दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा."

"तुम्ही केलंय हे? हाताने?"

"पट्टी मी गुंडाळते. दोऱ्या हिच्या."

"ही ताटली अशी लांबट कशी केलीत? भिंतीला बरोबर चिकटते हो. मला तर वाटलं मशीनची असेल."

मी तोंड उघडलं. ताईंनी ओल्या हाताने मला थांबवलं आणि स्वतः सांगायला लागल्या. सोपट कसं वळतं, कुठे ओढायचं, कुठे सोडायचं. एवढं सलग बोलताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. बाईंच्या हेडफोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं आणि बाई बाथरूमच्या उंबऱ्यावर उकिडव्या बसून ऐकत होत्या.

तिथून पुढे आम्हाला दार वाजवावंच लागलं नाही. बाईंनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं होतं. आम्ही जिन्यात दिसलो की दारं उघडायची. आठवडाभर आम्ही रोज जात होतो. मी बादल्या भरायची, ताई धुवायच्या, घरची बाई चहा टाकायची. कुणी रागावलेली होती, कुणी हसत होती. एकीने तर दोन्ही बाथरूमच्या फरशा आमच्याकडून धुवून घेतल्या म्हटलं तरी चालेल, तिच्या शिंक्यात मीठच तेवढं निघालं. सगळी काही वाचली नाहीत. काहींवर नंतर बुरशी आली, ती आम्ही पुढे बदलून दिली.

एका घरी मात्र आमची डाळ शिजली नाही. एक निवृत्त गृहस्थ, दादरहून इथे राहायला आलेले. वाण त्यांच्या सुनेला मिळालेलं, पण गळायला लागल्यावर त्यांनी ते गॅलरीत नेऊन टांगलं होतं. ताईंनी हात लावताच ते ओरडले, "खबरदार! धुवायचं नाही. हे कोरडं असलं की मी छत्री न घेता फिरायला जातो, ओलं झालं की पेपर वाचतो. अजून एकदाही चुकलेलं नाही. माझ्या मेहुण्यासाठी असंच एक मीठ घातलेलं करून द्या."

ताई हसल्या. पदर तोंडाला न लावता, मोठ्याने हसल्या. त्यांचे मधले दोन दात थोडे पुढे आहेत हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं.

शनिवारी शेवटच्या घरून निघताना तिथल्या बाईंनी "थांबा हं" म्हणून करंडा आणला. मला हळदीकुंकू लावलं, मग ताईंना लावलं. काही विचारलं नाही, हातावर साखर ठेवली.  कुंकू ताईंनी घरी येईपर्यंत पुसलं नाही.

घरी आल्यावर मी अंगणात चूल पेटवली. धुण्याच्या सोड्याने कपड्याची खळ निघते तर सोपटाचा चीक का निघू नये, असं मला आठवडाभर वाटत होतं. चीकच गेला तर बुरशी खाणार काय? पातेल्यात सोडा आणि सोपटं उकळत ठेवली. ताई आल्या, वाकून बघितलं, काठीने ढवळलं आणि म्हणाल्या, "पुरे आता, तुटतील." बॅग भिंतीला टेकून ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. (सोड्याचा उपाय पुढे लागू पडला. आजही आम्ही तसंच करतो, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की शिंक्याला ऊन दाखवा, असं घेणाऱ्याला बजावून सांगतो.)

रविवारी थोरल्या वन्सं आल्या. भाड्याची गाडी, बरोबर चिकूची पेटी. गुडघे धरत पायऱ्या चढल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "चला गं, आवरलंय ना? चारला पाहुणे येतायत माझ्याकडे, वीस माणसांचा स्वयंपाक आहे."

ताई अंगणात तारेवर उकळलेली सोपटं वाळत घालत होत्या. वळल्या नाहीत.

माझ्याने राहवेना. "त्या येणार नाहीत!" मी म्हटलं. "इथे काम पडलंय ढीगभर! तुम्हाला काय, फुकटची..."

"तू गप्प बस," ताई म्हणाल्या. "मला बोलू दे."

मी गप्प बसले. नवरा पेपरातून वर बघायला लागला. ताई हात पुसत ओसरीवर आल्या आणि थोरल्यांच्या समोर उभ्या राहिल्या. 

"मला हे काम आवडतं," त्या म्हणाल्या. "मी येत नाही."

थोरल्या बघतच राहिल्या. मीही. भाजी कुठली करू, साडी कुठली घेऊ, कशालाही "चालेल" म्हणणारी ही बाई. मला आवडतं, हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तिच्या सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग माझ्या गुडघ्यांचं काय?" थोरल्या म्हणाल्या.

"बाई ठेव," ताई म्हणाल्या. "पगार देऊन ठेव."

 थोरल्या म्हणाल्या, "मला जेवायला तरी वाढणार आहात का तुम्ही?" आणि आम्ही सगळे एकदम उठलो. कोलंबीचं कालवण होतं. थोरल्या पोटभर जेवल्या, दोनदा भात घेतला, मला सोपटं उकळायच्या सोड्याचं प्रमाण विचारलं. निघताना ताईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वेडी आहेस, आधी बोलायचं नाही का?"

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. मी ताईंचा हात धरून ठेवला होता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"सोड आता," ताई म्हणाल्या. "सोपटं उलटायची आहेत."

मी सोडला नाही.